टोकियोतली जुनी घरं आतून बघायची असतील तर: कोगानेईच्या वास्तुसंग्रहालयाची पहिली फेरी

भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे टोकियोला आले की पहिले काही दिवस काय दाखवायचं ते ठरलेलं असतं: आसाकुसाचं देऊळ, स्कायट्री, शिबुयाचा चौक, आकाश मोकळं असेल तर फुजी. त्यानंतर बहुतेक घरांत एक साधा प्रश्न निघतो. इथली माणसं पूर्वी राहायची कशी? शहरात भटकून त्याचं उत्तर सापडत नाही. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात आणि त्यामागून लागलेल्या आगींत टोकियोचा मोठा भाग जळाला. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत तो पुन्हा जळाला. त्यातून जे वाचलं, त्यातलं पुष्कळसं पुढच्या नव्या बांधकामांसाठी पाडलं गेलं.

जे थोडं उरलं, त्यातल्या तीस वास्तू शहराच्या पश्चिमेला, कोगानेई उद्यानात नेऊन उभ्या केल्या आहेत. शेतकऱ्यांची घरं, दुकानं, सार्वजनिक स्नानगृह, दारूचा गुत्ता, एका पंतप्रधानांचा वाडा. जपानी लाकडी घर सांध्यांवर उभं असतं, त्यामुळे ते वासा न् वासा सोडवता येतं. प्रत्येक तुकड्यावर खूण करायची, दुसरीकडे नेऊन पुन्हा जोडायचं, कुजलेल्या जागी नवं लाकूड बसवायचं, अशा पद्धतीने ही घरं इथे आली. एदो-टोकियो तातेमोनोएन हे या जागेचं नाव. १९९३ साली ती सुरू झाली.

मी टोकियोत राहते आणि घरी पाहुणे आले की त्यांना इथे नेते. नव्याने आलेले मराठी लोक याबद्दल विचारतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे. एक गोष्ट आधीच सांगते. इथे तीसही वास्तू 'करायच्या' असं ठरवून जाऊ नका. सात-आठ निवडा, पण प्रत्येकीत आत शिरा, बूट काढा आणि खाली बसा. जपानी घर जमिनीवर बसणाऱ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर बांधलेलं असतं. उभ्याने बघून ते कळत नाही.

१. आधी नावाचा गोंधळ मिटवा

टोकियोत एदो-टोकियो नावाची दोन संग्रहालयं आहेत. एक र्‍योगोकुला, सुमो मैदानाच्या शेजारी, एका प्रचंड इमारतीत. दुसरं म्हणजे आपलं, कोगानेई उद्यानातलं, उघड्यावरचं. दुसरं हे पहिल्याचीच शाखा आहे, त्यामुळे नावं जवळजवळ सारखी. नकाशात घाईने 'एदो-टोकियो' एवढंच टाकलंत तर फोन तुम्हाला र्‍योगोकुला, म्हणजे शहराच्या थेट दुसऱ्या टोकाला नेईल. 'तातेमोनोएन' किंवा 'कोगानेई उद्यान' हे शब्द टाकूनच शोधा. पाहुणे वेगळे येऊन तिथे भेटणार असतील तर त्यांना नाव तोंडी सांगू नका, नकाशावरची खूण पाठवा.

२. दिवस आणि वेळ ठरवा

सोमवारी बंद असतं. मात्र सोमवारी सरकारी सुट्टी आली तर त्या दिवशी उघडं आणि मंगळवारी बंद. जपानात बऱ्याच सुट्ट्या मुद्दाम सोमवारी ठेवलेल्या आहेत. त्यामुळे गर्दी टाळायची म्हणून लांब सुट्टीनंतरचा मंगळवार निवडणारे हमखास बंद दारापाशी पोहोचतात. वर्षअखेरीला आणि नव्या वर्षाच्या सुरुवातीलाही बंद असतं.

एप्रिल ते सप्टेंबर सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच, ऑक्टोबर ते मार्च साडेनऊ ते साडेचार. शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या अर्धा तास आधी. हिवाळ्यात दुपारी दोनला पोहोचलात तर काहीच हाती लागत नाही. शक्यतो दहाच्या आत आत शिरा आणि किमान तीन तास ठेवा. सोबत ज्येष्ठ असतील तर चार.

ऋतूचं म्हणाल तर मार्चअखेर ते एप्रिलची सुरुवात हा उद्यानातल्या चेरीचा काळ. दृश्य सुंदर, गर्दीही तेवढीच. मला स्वतःला नोव्हेंबर आवडतो. गवती छपरं, लाल झालेली पानं, आणि चुलीजवळ बसावंसं वाटेल इतपत थंडी. जुलै-ऑगस्टमध्ये आई-वडिलांना नेऊ नका. एका घरातून दुसऱ्या घरात जाताना ऊन लागतं, आणि झाडी असल्यामुळे डासही असतात.

एखाद-दुसरी वास्तू डागडुजीसाठी झाकलेली असू शकते. एखादं ठरावीक घर बघायलाच जाणार असाल तर निघण्यापूर्वी संग्रहालयाचं संकेतस्थळ उघडून बघा.

३. सोबत काय घ्यायचं

- वयाचा पुरावा. प्रौढांना तिकीट ४०० येन आहे, ६५ वर्षांवरच्यांना निम्मं. पाहुण्यांकडे पासपोर्ट असतोच, तो बॅगेच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवा. विद्यार्थ्यांनी ओळखपत्र न्यावं. प्राथमिक शाळेपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही.
- सुइका किंवा पास्मो कार्ड, पुरेसे पैसे भरलेलं. बसमध्ये सुट्ट्यांची शोधाशोध वाचते.
- थोडी रोकड.
- चटकन काढता-घालता येणारे बूट. ही यादीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू. दिवसभरात बूट अनेकदा काढावे लागतात. नाडीचे उंच बूट घातलेला माणूस तिसऱ्या घरानंतर "तुम्ही जाऊन या, मी बाहेर थांबतो" म्हणायला लागतो.
- मोजे, बिनभोकांचे. नोव्हेंबर ते मार्च जाड लोकरीचे घ्या, कारण लाकडी जमीन बर्फासारखी गार पडते. उन्हाळ्यात सँडलवर आलात तरी मोजे पिशवीत असू द्या.
- पाण्याची बाटली, जेवणाचा डबा आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी. कचराकुंडी शोधत बसू नका, आपला कचरा आपण घरी न्यायचा.

४. पोहोचायचं कसं

जवळचं मोठं स्टेशन मुसाशी-कोगानेई, जेआर चुओ मार्गावर. शिंजुकूहून साधारण पंचवीस मिनिटं.

इथे नवे लोक फसतात. चुओ मार्गावर 'काइसोकु' म्हणजे जलद आणि 'तोक्काइ' म्हणजे अतिजलद अशा दोन्ही गाड्या एकाच रुळावरून धावतात. तोक्काइ मुसाशी-कोगानेईला थांबत नाही. मिताकाहून सुटली की थेट कोकुबुंजीला उभी राहते. मुंबईच्या लोकलची सवय असलेल्यांना फास्ट पकडायचा मोह होतो, तो आवरा. फलाटावरच्या पाटीवर काइसोकु लिहिलेलं बघूनच चढा. चुकून पुढे गेलात तर घाबरायचं कारण नाही, कोकुबुंजीला उतरून उलट दिशेने एक स्टेशन मागे या.

दुसरी गफलत स्टेशनांच्या नावांची. हिगाशी-कोगानेई, शिन-कोगानेई, हाना-कोगानेई अशी स्टेशनंही याच परिसरात आहेत. सेइबु शिंजुकू मार्गावर राहणाऱ्यांना हाना-कोगानेई सोयीचं पडतं. बाकी सगळ्यांनी 'मुसाशी' हा शब्द लक्षात ठेवायचा.

आपल्यातले बरेच जण निशी-कासाईला राहतात. त्यांच्यासाठी तोझाई मार्ग सरळ आहे. नाकानो किंवा मिताकाला जाणारी गाडी घ्या, तिथे उतरून चुओची काइसोकु पकडा. घरापासून संग्रहालयाच्या दारापर्यंत दीड तास धरा. तोझाईच्या काही गाड्या मिताकापर्यंत जातात, त्या मिळाल्या तर नाकानोच्या गर्दीत ज्येष्ठांना गाडी बदलायला लावावी लागत नाही.

मुसाशी-कोगानेईला उत्तरेच्या दाराने बाहेर पडा. समोरच्या थांब्यांवरून सेइबु बस मिळते. 'कोगानेई कोएन निशिगुची' म्हणजे उद्यानाचं पश्चिम दार, तिथे उतरा. बस पाचेक मिनिटांची, पुढे तेवढंच चालणं. बसमध्ये कुठल्या दाराने चढायचं हे कंपनीनुसार आणि भागानुसार बदलतं, तेव्हा पुढची माणसं कुठून चढतात ते बघा.

५. आत शिरल्यावर उजवीकडे की डावीकडे?

प्रवेश मधल्या भागातून होतो. तिकीटघराची इमारत स्वतःच १९४० साली राजवाड्यासमोरच्या एका सरकारी सोहळ्यासाठी बांधली होती आणि नंतर इथे आणली. तिथे इंग्रजी माहितीपत्रक मिळतं, नकाशासह. ते घ्याच. पत्रकावरचा छोटा प्राणी अ‍ॅनिमेशनपट करणाऱ्या हायाओ मियाझाकी यांनी रेखाटलेला आहे. मुलं बरोबर असतील तर त्याचा शोध हा चांगला खेळ होतो.

पूर्वेला दुकानांची गल्ली, पश्चिमेला शेतकऱ्यांची आणि उच्चवर्गीयांची घरं, मध्ये वाडे. बहुतेक लोक आधी पूर्वेला धावतात, कारण तिथले फोटो सगळीकडे दिसतात. तुम्ही आधी पश्चिमेला जा. शेतकऱ्यांच्या घरापासून सुरुवात केली की पुढचं सगळं कशातून वाढत गेलं ते आपोआप उलगडतं. शिवाय गल्लीत जेवणाची सोय आहे, तिथे दुपारी पोहोचणं बरं.

६. घरात पाऊल टाकताना

बूट काढून आत जायची सवय आपल्याला आहेच, तरी काही बारकावे सांगते. बूट उंबऱ्याशी किंवा फळीवर नीट, टोकं बाहेर करून ठेवा. तातामीच्या कापडी काठावर पाय देऊ नका, चटईच्या मध्यावर चाला. भिंतीतला जो कोनाडा चित्र आणि फुलांसाठी असतो, तोकोनोमा, त्यात पर्स ठेवायची नाही की टेकायचं नाही. शोजीचा, म्हणजे सरकत्या दाराचा, कागद लहान मुलांच्या बोटाने क्षणात फाटतो, तेव्हा मुलांचा हात धरा. पाठीवरची सॅक पुढे घ्या, कारण खोल्या अरुंद आहेत आणि वळताना सॅक नेमकी लाकडाला घासते.

जमिनीची पातळी उंच असते. आत चढायला मोठं पाऊल टाकावं लागतं. गुडघेदुखी असलेल्यांना आधी कडेला बसू द्या, मग पाय वर घेऊ द्या. चाकाची खुर्ची बाहेरच्या रस्त्यांवर फिरते, पण घरांच्या आत नेता येत नाही. अशा वेळी एंगावा, म्हणजे घराला लागून असलेली लाकडी ओसरी, कामाला येते. तिच्याशी खुर्ची लावली तर आतलं बरंच दिसतं.

दोन वाक्यं पाठ करून जा. "हाइत्ते मो ई देस का?" म्हणजे आत येऊ का. "शाशिन ओ तोत्ते मो ई देस का?" म्हणजे फोटो काढू का. घरांत स्वयंसेवक बसलेले असतात, बहुतेक निवृत्त माणसं. तुम्ही मोडकं जपानी बोललात तरी ती खुलतात आणि पाटीवर नसलेलं सांगतात. स्वतःसाठी फोटो काढायला हरकत नसते. व्यावसायिक चित्रीकरणाला मात्र आधी परवानगी लागते.

७. पश्चिम भाग: चूल, धूर आणि एका वास्तुविशारदाचं घर

त्सुनाशिमा आणि योशिनो ही दोन गवती छपरांची घरं सोडू नका. त्सुनाशिमा घर सेतागायाचं, एदो काळाच्या (१६०३ ते १८६८) मध्यावरचं. आज सेतागाया म्हणजे महागड्या सदनिका. तिथे कधी काळी शेतं होती हे या घरात बसल्यावर पटतं. आत शिरताच दोमा लागतो, म्हणजे मातीची जमीन असलेला स्वयंपाकाचा आणि कामाचा भाग. तिथून वर चढलं की लाकडी जमीन आणि मध्ये इरोरी, जमिनीतच खोदलेली चौकोनी चूल.

इरोरी पेटलेली असेल तर तिच्याजवळ बसाच. धूर डोळ्यांत जातो, पण उठू नका. वर बघा. छपराचा वासा न् वासा काळा पडलेला दिसेल. तो धूर गवतातला ओलावा घालवतो आणि किड्यांना पळवतो. घर बंद ठेवलं, चूल विझली की छप्पर कुजायला लागतं. इथे चूल पेटवतात ती केवळ दाखवायला नाही, घर टिकवायलाही.

तिथून थोडं चाललं की कुनिओ मायेकावा यांचं घर येतं. मी कुणालाही इथे नेलं तर सगळ्यात जास्त वेळ या घरात जातो. मायेकावा हे पॅरिसमध्ये ल कॉर्बुझिएंच्या हाताखाली काम केलेले वास्तुविशारद. चंदीगड ज्यांनी आखलं तेच कॉर्बुझिए. मायेकावांनी हे घर १९४२ साली, ऐन युद्धात बांधलं. साहित्य मिळत नव्हतं, घराच्या आकारावर सरकारी मर्यादा होती. त्यांनी त्या मर्यादेतच दोन मजल्यांइतकी उंच बैठकीची खोली काढली आणि दक्षिणेची जवळजवळ सगळी भिंत काचेची केली. बाहेरून उतरत्या छपराचं साधं घर, आत गेल्यावर छाती भरून श्वास घ्यावा असा प्रकाश. १९७३ साली हे घर उकलून लाकडं साठवून ठेवली होती, १९९० च्या दशकात ती इथे पुन्हा जोडली. कमी जागेत घर करणाऱ्या मुंबई-पुण्याच्या माणसाने इथे अर्धा तास बसावं असं मला मनापासून वाटतं.

वेळ उरला तर तोकिवादाई भागातला १९३७ चा फोटो स्टुडिओ बघा. वरच्या मजल्यावर उत्तरेला मोठी काच आहे, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा आणि मऊ राहतो.

८. मध्य भाग: ताकाहाशींचा वाडा

कोरेकियो ताकाहाशी पंतप्रधान होते, नंतर बराच काळ अर्थमंत्री. लष्कराचा खर्च आवरा म्हणून ते अडून बसले. २६ फेब्रुवारी १९३६ च्या पहाटे बंडखोर सैनिक आकासाकातल्या त्यांच्या घरात घुसले आणि वरच्या मजल्यावर त्यांची हत्या केली. तेच हे घर, १९०२ चं. जिना चढून तुम्ही त्याच खोल्यांत जाऊ शकता. बऱ्याच खिडक्यांची काच जुनी आहे, बाहेरची बाग तिच्यातून किंचित हलल्यासारखी दिसते. मुलांना तिथे नेण्याआधी काय घडलं ते खाली बागेतच सांगा, वर शांत राहू द्या.

जिना उंच पायऱ्यांचा आहे. उतरताना कठडा धरा. मोजे घातलेला पाय घासून गुळगुळीत झालेल्या लाकडावरून सटकतो.

९. पूर्व भाग: दुकानांची गल्ली

१९२३ च्या भूकंपानंतर दुकानदारांकडे पैसे कमी आणि आगीची धास्ती मोठी. त्यांनी लाकडी दुकानं उभारली, पण रस्त्याकडची बाजू सपाट करून तिला तांब्याचा पत्रा, गिलावा किंवा फरशी मढवली. त्या पुढच्या अंगावर हवी तशी नक्षी केली. हानाइची फुलांच्या दुकानाच्या दर्शनी भागावर फुलंच घडवलेली आहेत. उएमुरा यांच्या घराजवळ जाऊन तांब्याचा पत्रा निरखा, युद्धातल्या बॉम्बच्या तुकड्यांचे घाव तसेच ठेवले आहेत. ताकेई सानशोदो हे कुंचल्या-कागदांचं दुकान, १९२७ चं. आत भिंतभर लाकडी खण, सुमारे साडेतीनशे.

कावानो यांचं छत्र्यांचं दुकान १९२६ चं, कोइवाहून आणलेलं. कोइवा एदोगावा विभागात येतं आणि निशी-कासाईही त्याच विभागात. म्हणजे आपण आज राहतो त्या भागात शंभर वर्षांपूर्वी कागदी छत्र्यांचा धंदा चालायचा. निशी-कासाईहून आलेल्यांनी हे दुकान जरूर बघावं.

मारुनी भांड्यांच्या दुकानाच्या मागे वळायला विसरू नका. पुढून तांब्याने मढलेलं ऐटदार दुकान, मागे अरुंद बोळ आणि भाड्याच्या खोल्यांची रांग. गिरगावातल्या चाळीमागचा बोळ पाहिलेल्या माणसाला इथे काही समजावून सांगावं लागत नाही.

गल्लीच्या टोकाला कोदाकारायु, १९२९ चं सार्वजनिक स्नानगृह. घरोघरी न्हाणी नव्हती, सगळी वस्ती इथे यायची. प्रवेशावर देवळासारखं बाकदार छप्पर आणि त्याखाली सात भाग्यदेवतांचं कोरीवकाम. ते आई-बाबांना नीट दाखवा. त्यातली बेंझाईतेन म्हणजे आपली सरस्वती, बिशामोनतेन म्हणजे वैश्रवण कुबेर, दाइकोकुतेनचं मूळ महाकालात. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे इथवर आलेले हे देव. आत पुरुषांची आणि बायकांची बाजू वेगळी, मध्ये पैसे घेणाऱ्याची उंच बैठक, आणि हौदांच्या वर रंगवलेला भव्य फुजी. हौद कोरडे आहेत.

शेजारी कागिया नावाचा दारूचा गुत्ता. १८५६ चा असल्याचं सांगतात. भूकंपातून वाचला, बॉम्बमधून वाचला. त्याच्या आतली मांडणी १९७० च्या आसपासची ठेवली आहे.

निघताना प्रवेशाच्या बाजूला मानसेइबाशीची विटांची पोलीस चौकी दिसेल. ती उकलून नाही, अख्खीच्या अख्खी ट्रेलरवरून आणली होती.

१०. जेवण

पूर्वेकडच्या गल्लीत उदोन, म्हणजे गव्हाच्या जाड शेवया, मिळतं. चव छान, पण शाकाहारी नाही. रश्शाचा आधार 'दाशी', आणि तो बहुधा सुक्या माशाचा असतो. वर भाज्या दिसल्या तरी फसू नका, आणि "मांस नको" एवढं सांगितल्याने मासा वगळला जात नाही. शाकाहारी पाहुण्यांसाठी घरून दशम्या, धपाटे किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या न्या. बाहेर बाकं आहेत, तिथे बसून खाता येतं. ऐतिहासिक घरांच्या आत मात्र खाणं चालत नाही, पाण्याचा घोटही ओसरीवरून उतरूनच घ्या.

११. परतताना

संग्रहालय बंद झालं तरी उद्यान उघडं असतं. मुलांमध्ये जोर उरला असेल तर तिथल्या हिरवळीवर त्यांना तासभर सोडा. बसला संध्याकाळी रांग लागते. पाय थकलेले ज्येष्ठ असतील तर बंद व्हायच्या वीस मिनिटं आधीच निघा, नाहीतर उभ्याने जावं लागेल. स्टेशनवर परतीला पुन्हा काइसोकुच बघायची. शिंजुकूऐवजी निशी-कासाईकडे जायचं असेल तर नाकानो किंवा मिताकाला उतरून तोझाई घ्या. मिताकाहूनच सुटणारी तोझाई मिळाली तर बसायला जागाही मिळते.